मृदंगाची शाई

रावजी मृदंगी डाव्या हाताने जेवू लागला त्याला आता तिसरं वर्ष होतं. पहिल्यांदा पंगतीत त्याने डाव्या हाताने घास उचलला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या होत्या. मग सवय झाली. उजवा पंजा मनगटापासून लोंबायचा, मोडल्या फांदीचं पान लोंबतं तसा. बोटं मिटायची, पण पंजा वर यायचा नाही. याच हाताने त्याने वीस वर्षं विठोबाच्या पुढ्यात मृदंग वाजवला होता.

महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीच्या अंगाला एक फाटा वळतो, त्याच्या टोकाला उंबरकोंड. वर टेपावर विठ्ठलाचं देऊळ आणि त्याला धरून कुणब्यांची पंचवीस घरं. त्याखाली उतारावर बौद्धवाडी आणि तिची विहीर. आणि सगळ्यात खाली, ओढ्याकाठी, शिशाची भट्टी. आणीबाणीच्या साली मुंबईचा कोणी मालक आला, त्याने पत्रे ठोकले, आणि मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांचे ट्रक यायला लागले. बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं, लाद्या ओतून धाडून द्यायच्या. वरच्या वाडीतले, बौद्धवाडीतले, सगळे हाताला काम म्हणून गेले. सहा वर्षं भट्टी धगधगली. मग ओढ्याचं पाणी पिऊन म्हशी मेल्या, बोभाटा झाला, आणि मालक एका दिवसात पत्रे सोडून चालता झाला. मागे राहिला तो काळा ढीग, दोन पुरुष उंच. पावसाळ्यात त्याच्यावरून येणारं पाणी शाईसारखं वाहायचं.

तो ढीग हलवायचा हुकूम निघायला दोन पावसाळे गेले. तिसरा लागायच्या आत, वैशाखात, सरकारी साहेब आले. चष्मा लावलेला, उन्हाने लाल झालेला, हळू बोलणारा माणूस. टेपाच्या पलीकडे जुनी दगडखाण होती. तिच्या तळाला त्यांनी चिकणमाती चोपून घेतली, वर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, चुना पसरला. ढीग आणि ढिगाखालची हातभर माती, सगळं त्यात नेऊन टाकायचं आणि वरून पुन्हा माती चोपून खाण बंद करायची. साहेबांचे नियम कडक. धूळ उडू द्यायची नाही, आधी पाणी मारायचं. तोंडाला फडकं. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही.

रावजीला टोपली उचलवत नव्हती. म्हणून त्याला पाण्याच्या पिंपापाशी बसवलं. जेवणाच्या सुट्टीत एकेक जण यायचा, हात पुढे करायचा, आणि रावजी डाव्या हाताने तांब्याने पाणी ओतायचा.

"रावजीभाव, नीट ओता की!" चंपाबाई म्हणायची. "तीर्थ देताय काय, थेंब थेंब?"

"तीर्थच समज गो. पाप नाय गेलं तरी शिसं जातंय."

"मग आमच्या घरवाल्यांना धाडते. दोन्ही लागलंय त्यांना."

बाया हसायच्या. मुकादम मुरारी बौद्धवाडीतला, तोसुद्धा फडक्याआड हसायचा. भट्टीत मुरारी आणि रावजी जोडीने उभे असत, एक कोळसा ओढायचा, एक मळी काढायचा. मुरारी मोजकं बोलायचा. पण गेले दोन महिने तो हसला तरी डोळे हसत नव्हते. त्याची धाकटी आवडी, सात वर्षांची, पोट धरून बसायची. शाळेत पाढे पहिल्या नंबराने म्हणणारी पोर आता पाचाच्या पाढ्यात वाट चुकायची. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे पाण्यातून जातंय, पाणी बदला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत साहेब हातात काचेच्या बाटल्या घेऊन आले आणि सगळ्यांसमोर दगडावर बसले.

"मला एक गोष्ट कळत नाही," ते म्हणाले. "ओढ्यात शिसं आहे, ते या ढिगाचं. पण बौद्धवाडीची विहीर ढिगाच्या वर आहे. पाणी काही चढ चढून जात नाही. मग विहिरीत शिसं येतं कुठून?"

त्यांनी एक बाटली उन्हात धरली.

"इथला माल कुणी वर नेला आहे का? अंगणात, ओट्यात, कुठेही? मी कुणावर कारवाई करायला बसलेलो नाही. फक्त सांगा. शुक्रवारी खाण बंद होणार. एकदा वर माती चोपली, की पुन्हा उघडायची नाही."

"मी नेलं होतं दोन टोपल्या," चंपाबाई म्हणाली. "ओट्याला. ते परवाच खणून आनून टाकलं."

"तुमचं घर तर विहिरीच्या खाली आहे बाई. अजून?"

वरच्या वाडीतली दहा-बारा माणसं तिथे होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मुरारी हात धुवायला पिंपापाशी आला होता. ओंजळ पुढे धरून तो उभा होता, आणि रावजीचा तांब्या हवेत तसाच राहिला होता.

"ओत की रे," मुरारी म्हणाला.

रावजीने पाणी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं.

*

एका शब्दाने ही सगळी माती झाली होती, आणि तो शब्द रावजीच्याच तोंडून निघाला होता.

मृदंगाच्या उजव्या तोंडावर काळा गोल असतो, त्याला शाई म्हणतात. ती नीट बसली तरच मृदंग बोलतो. रावजीचा बाप शाई स्वतः घालायचा. पोलादपूरच्या लोहाराकडून तो कीट आणायचा, म्हणजे तापल्या लोखंडाचा मळ. ते कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, शिजल्या भातात घोटायचं, आणि अंगठ्याने थरावर थर देत दगडाने घासत बसायचं. दोन दिवस लागायचे. रावजी लहानपणापासून ते बघत आला. आणि हेही बघत आला, की त्याच किटाचं औषध करून वैद्य अंगात रक्त नसलेल्या बायांना पोटात देतात. कीट म्हटलं की त्याच्या मनात मृदंग उभा राहायचा आणि वैद्याची पुडी उभी राहायची. वाईट काही उभं राहायचं नाही.

भट्टीवरच्या परगावच्या मिस्त्रीने पहिल्याच आठवड्यात ढिगाकडे बोट दाखवून सांगितलं, "ये सब कीट है, उधर डालो." रावजीला देव पावल्यासारखं झालं. पोलादपूरला खेप मारायला नको, मागाल तेवढं कीट दारात! त्याने मूठभर पूड घरी आणली आणि मृदंगाला नवी शाई घातली. जड झाली, पण आवाज असा खोल आला, की काल्याच्या कीर्तनाला आलेले सोनबा बुवा अभंग मधेच थांबवून ऐकत राहिले. "रावजी," ते म्हणाले होते, "हा मृदंग नाही रे, हे ढगाचं बोलणं."

पुढच्या वर्षी देवळाचा सभामंडप बांधायला काढला. लाकडी खांबांना वाळवी लागली होती, जमीन खचत होती, भर हवी होती. बैठकीत रावजीच उभा राहिला. "कीट घालू. पक्कं असतं. औषधी असतं. लोहकीट हाय ते, काय नाय होत." रविवारी भट्टी बंद असे. सलग नऊ रविवार वरच्या वाडीने श्रमदान केलं. कंबरभर भर पडली. वर मुरूम, आणि सारवणात बायांनी तीच पूड चाळून कालवली. जमीन झाली काळीभोर, तुकतुकीत, मृदंगाच्या शाईसारखी. त्यानंतर वाळवी खांबाकडे फिरकली नाही. लोक म्हणाले, विठोबाची कृपा.

मग हात गेला. अकरा दिवस सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात तो मनगट बुडवून बसला. आराम पडला नाही तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि विचारलं, "शिशाच्या भट्टीत होतास?"

"होतो. पन मी कीटच हाताळायचो जास्त. कीट औषधी असतं ना डॉक्टर?"

"लोखंडाचं निराळं, बाबा. हे शिशाचं कीट. हे विष आहे."

त्या दिवशी परत येताना एसटीत रावजी खिडकीबाहेर बघत राहिला. हात गेला, तो आपला गेला, असं त्याने मनाला सांगितलं. देवळाच्या जमिनीचा विचार आला, तर त्याने तो पुढे येऊ दिला नाही. देवाच्या पायाखाली गेलं ते विष कसं राहील? असंच सगळी वाडी म्हणत होती. फार मोठ्याने कोणी म्हणत नव्हतं.

*

सोमवारी संध्याकाळी वाडीचा थोरला भागोजी रावजीच्या ओट्यावर येऊन बसला.

"सप्ता चालू हाय," तो म्हणाला. "गुरुवारी काला. एवढं निर्विघ्न होऊ दे. मग काय ते बघू."

"शुक्रवारी खान बंद होते, भागोजी."

"आरं, पन देऊळ खनायचं? सप्त्यात? नऊ रविवार उपाशीपोटी टोपल्या व्हायल्यात लोकांनी. तूच सांगितलंस म्हनून व्हायल्यात. आता तूच म्हननार उकरा? लोक तोंडात शेन घालतील तुझ्या."

"घालतील."

"मग?"

रावजीने लुळा हात मांडीवर ओढून घेतला. भागोजी उठून गेला, जाताना म्हणाला, "त्या हातानं काय कमी भोगलंस? पुरे की."

रावजीची बायको रंगूबाई आतून सगळं ऐकत होती. सप्त्यात देऊळ रोज सारवायचं काम तिचं. आताशा तिचा चेहरा पांढरा पडला होता, दोन पायऱ्या चढली तरी धापायची. ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर पाण्याचा गडवा ठेवला.

"आवो, सकाळधरून कितीवेळा हात धुतलेत तुमी?"

"का गो?"

"नाय, मोजत होते. चौदा झाले. तुमच्या हाताला कायबी नाय लागलेलं. लागलंय ते दुसरीकडं हाय, आनि तिथवर पानी पोचत नाय."

"सांगितलं तर देऊळ जाईल गो. माझ्या बापाची सेवा, माझी सेवा, सगळं त्या जमिनीत हाय."

"देऊळ कुठं जातंय? विटेवर हाय तो विटेवरच राहील. जमीन जाईल." ती उंबऱ्यावर टेकली. "आवडी परवा माझ्या अंगावर झोपली विहिरीपाशी. हलकी लागली. चिमनीएवढी."

रावजीने गडवा बाजूला सारला. पण मंगळवार गेला, बुधवार गेला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. पिंपापाशी बसून तो पाणी ओतत राहिला. मुरारी ओंजळ पुढे करायचा तेव्हा तो त्याच्या बोटांकडे बघायचा, तोंडाकडे नाही.

*

गुरुवारी सकाळी काल्याचं कीर्तन उभं राहिलं. सोनबा बुवा कुडपणहून डोंगर उतरून आले होते. अंगाने वाळके, पायात जाड चपला, शेतात राबून काळवंडलेले. पण फेटा बांधून, गळ्यात हार घालून उभे राहिले की वाटावं, आता हे हाक मारतील आणि विठोबा ओ देईल. मृदंगावर रावजीचा पुतण्या बसला होता. रावजी खांबाला टेकून, लुळा हात मांडीवर ठेवून बसला. सभामंडप भरला होता. पोरं पुढे, पाटाशी दाटीवाटीने. कोपऱ्यात दह्यालाह्यांचं मोठं भांडं पानाने झाकून ठेवलेलं.

बुवा रंगात आले. यमुनेच्या काठी गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. कोणाचं दही, कोणाची ताकातली भाकर, कोणाचं नुसतं मीठ. देवाने सगळ्यांचं एकत्र कालवलं. बुवा दोन पावलं पुढे आले आणि आवाज खाली आणला.

"आता बघा हं. एका पोराची शिदोरी आंबलेली होती. त्याला लाज वाटली. ती त्याने घोंगडीखाली सारली. देव म्हणाला, 'काढ.' पोर म्हणालं, 'देवा, माझ्याकडे काही नाही.' देव म्हणाला, 'आंबलेलं दे, मी खाईन. पण लपवलेलं मला खाता येत नाही रे!'"

टाळ कडाडले. मृदंग बोलला, तोच, ढगासारखा. पोरं टाळ्या पिटत होती आणि टाळ्या झाल्या की हात जमिनीवर टेकत होती, काळ्या, तुकतुकीत जमिनीवर. एक बारकं पोर बोट चोखत होतं. रावजी ते बोट बघत राहिला. जमिनीवरून तोंडात, तोंडातून जमिनीवर.

बुवांनी हंडी फोडायला हात वर केला. कोणी झाकणाचं पान काढलं.

"बुवा!" रावजी उभा राहिला. "काला वाटू नका."

मृदंग थांबला. कीर्तनात मधे उठून बोलायची रीत नाही. तीनशे माणसांनी एकदम वळून पाहिलं.

"गप रे," भागोजी दातओठ खाऊन म्हणाला. "कीर्तन मोडू नको."

"हितं बसून कोनी खाऊ नका. पोरांना बाहेर काढा." रावजीने जमिनीकडे बोट केलं. "ह्या जमिनीखाली भट्टीचं कीट हाय. मी घालायला लावलं. मी लोहकीट समजलो. ते शिसं हाय. बौद्धवाडीच्या विहिरीत जातंय ते हितनं जातंय. मला तीन वर्सं ठाव हाय."

मागच्या बाजूला कुणा बाईने पोर उचललं, मग दुसरीने. कुणीतरी शिवी दिली. "सप्त्यात सुचलं काय ह्याला!" एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "नऊ रविवार, रावजी! नऊ रविवार!"

सोनबा बुवा हात वर धरून उभे होते. तो त्यांनी हळूच खाली आणला. गळ्यातला हार काढून पाटावर ठेवला, आणि वाकून काळ्या जमिनीला बोट लावून ते बोट उजेडात धरून पाहिलं.

"भागोजी, कुदळ आहे का?" ते म्हणाले.

"बुवा, आवो, काला व्हायचाय!"

"होईल की. आधी घोंगडीखालचं बाहेर निघू दे."

"दही आंबेल, बुवा. ऊन बघा."

"आंबू दे. मी खाईन."

*

बौद्धवाडीत जायला रावजीला कोणी सांगितलं नव्हतं. तो एकटाच उतरला. मुरारी घराच्या पडवीत बसून कामाला जायची तयारी करत होता. आत आवडी अंथरुणावर होती. तिची आई सुंदराबाई तिला वारा घालत होती.

रावजी उंबऱ्याशी उभा राहिला आणि सगळं बोलला. वाक्य जुळवायला गेला नाही.

 आतला पंखा थांबला होता.

"तीन वर्सं," मुरारी म्हणाला. "भट्टीत एका घमेल्याला दोघांनी हात लावलाय आपन. आनि तीन वर्सं."

"होय."

"सोमवारी मी ओंजळ धरून हुबा होतो. तवा तरी."

"होय."

"नुसता होय होय करू नको!" मुरारी उठला. मग पुन्हा बसला. रावजी पायांकडे बघत म्हणाला, "आजपासून पानी आमच्या वरच्या विहिरीचं भरा. कोनी आडवनार नाय. मी बोलतो सगळ्यांशी."

तेव्हा मुरारी हसला, पण ते हसणं नव्हतं. "तू देतोस काय पानी? माझा बाप महाडच्या तळ्यावर पानी पिऊन आला, तवा त्यानं कोनाला इचारलं नव्हतं. आमी भरू. तुझ्या बोलन्यानं नाय, आमच्या हक्कानं भरू." त्याने खुंटीवरचं फडकं ओढून घेतलं. "चल. साहेबांना सांगू. खान उद्या बंद नाय झाली पायजे."

साहेब आले, त्यांनी देवळाची जमीन पाहिली, खाली विहीर पाहिली, आणि चष्मा काढून पुसत राहिले. "वाळवी लागत नव्हती म्हणता?" एवढंच त्यांनी विचारलं.

शुक्रवारचा शनिवार झाला. मूर्ती दगडी चौथऱ्यावर होती, तिला हलवावं लागलं नाही. फक्त धूळ बसू नये म्हणून रंगूबाईने तिच्यावर आपलं धुतलेलं लुगडं घातलं. आधी पाणी मारलं. मग सोनबा बुवांनी धोतर खोचलं, तोंडाला फेट्याचं टोक बांधलं, आणि पहिली कुदळ घातली. दुसरी भागोजीने घातली, कोणाकडे न बघता. दुपारपर्यंत देवळापासून खाणीपर्यंत माणसांची रांग लागली, वरची वाडी आणि बौद्धवाडी, मधे मधे मिसळलेली; टोपल्या हातोहात पुढे जाऊ लागल्या. बोलणं फारसं नव्हतं. नऊ रविवारांचं काम दोन दिवसांत उलटं झालं. खाली मूळची तांबडी माती लागली तेव्हा साहेबांनी तिचीही हातभर काढायला सांगितली.

शेवटची टोपली गेल्यावर रावजी मृदंग घेऊन खाणीच्या काठावर बसला. मांडीत मृदंग दाबला, शाईवर पाणी शिंपडलं, आणि डाव्या हातात कोयती घेऊन खरवडायला लागला.

"राहू द्या हो," साहेब म्हणाले. "मूठभर तर आहे. वाद्य फुटेल."

"हीच पयली मूठ, साहेब. हितनंच सुरू झालं."

शाई खपल्या खपल्यांनी सुटली. खाली कातडं पांढुरकं निघालं. त्याने पुडी केली आणि खाणीत सोडली. वरून चिकणमाती पडली, आणि मुरारीची माणसं ती धुम्मसाने चोपू लागली. त्या ठोक्यांवर रावजीची मान नकळत हलली आणि लगेच थांबली.

ऊन उतरल्यावर बुवांनी काला देवळात नाही, खाणीजवळच्या आंब्याखाली मांडला. नवं दही आणलं होतं. गुरुवारचं आंबलेलं बुवांनी खरोखरच आपल्या पानात वाढून घेतलं होतं. लोक पिंपापाशी ओळीने येऊ लागले, आणि रावजीने सवयीने तांब्या उचलला. एकेकाच्या हातावर पाणी ओतत गेला. कोणी त्याच्याकडे बघून मान हलवली, कोणी बघितलं नाही. सुंदराबाई आली, तिने हात धुतले आणि न बोलता पुढे गेली. मुरारी सगळ्यात शेवटी आला. त्याचे हात धुऊन झाले.

"तुझे?" तो म्हणाला.

"धुतो."

रावजीने तांब्या खाली ठेवला. डावा हात लुळ्या हातावर चोळायला गेला. मग पाणी ओतायला तांब्या उचलला, तर चोळायला हात उरेना. खरवडताना मृदंगावर टेकलेल्या उजव्या पंज्याच्या रेघारेघांत काळं बसलं होतं. रोज घरी रंगूबाई धुऊन द्यायची. इथे तो तसाच उभा राहिला.

मुरारीने त्याच्या हातातून तांब्या घेतला. तोंडावरची रेघ हलली नाही. "आवडी बरी होते का नाय ते मी बघीन," तो म्हणाला. "मग तुझ्याशी काय बोलायचं ते बोलीन. आज नाय."

"होय."

"हात पुढं कर."

रावजीने डाव्या हाताने उजवा हात उचलून पुढे धरला. मुरारी पाणी ओतू लागला, आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, शाई घोटताना देतात तसा दाब देत, त्याच्या तळव्यातलं काळं एकेक रेघ करून काढू लागला. पिंपाच्या बुडाला तांब्या खडखडेपर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही.